जे नाही, ते मोजायचं कसं? ध्रुवप्रदेशातल्या अतिनील किरणांच्या मोजणीचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण तापमापकाचा इतिहास पाहिला. उष्णता निदान अंगाला जाणवते, त्यामुळे तिची मोजणी म्हणजे जाणवणाऱ्या गोष्टीला आकडा देणं, इतपत आपल्या ध्यानात आलं. आज एक पायरी पुढे जायचं आहे. जो प्रकाश दिसत नाही, अंगाला लागत असतानाही जाणवत नाही, त्याची मोजणी माणसानं कशी केली? आणि तीही पृथ्वीच्या दोन टोकांना, जिथे सूर्य सहा महिने उगवत नाही आणि उगवला की क्षितिजापासून फार वर चढत नाही?

सुरुवातीलाच सांगतो, आम्ही भौतिकशास्त्राचे नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग या विषयात शिरायचं कारण काय? कारण असं की, ओझोनच्या छिद्राची एक गोष्ट आम्ही वर्गात कित्येक वर्षं उदाहरण म्हणून सांगत आलो, आणि ती चुकीची सांगत आलो. ती दुरुस्ती आज करायची आहे. पण ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

दोन टोकांची कल्पना

१८०० साली विल्यम हर्शल यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे तापमापक ठेवला. पारा वर चढला. म्हणजे दिसत नाही असाही प्रकाश आहे. ही बातमी जर्मनीत येना इथे योहान रिटर या तरुणापर्यंत पोचली. येनामध्ये त्या वेळी शेलिंग वगैरे मंडळींचं निसर्गतत्त्वज्ञान भरात होतं. निसर्गात सगळीकडे द्वंद्व आहे, चुंबकाला दोन टोकं आहेत, विजेला दोन बाजू आहेत, अशी त्यांची धारणा. रिटरनं विचार केला, तांबड्याच्या पलीकडे काही असेल तर जांभळ्याच्या पलीकडेही असलं पाहिजे. १८०१ मध्ये त्यानं सिल्व्हर क्लोराईड लावलेला कागद तिथे धरला. जांभळ्याच्या बाहेर, जिथे अंधार दिसत होता, तिथे कागद सर्वांत लवकर काळा पडला.

गंमत बघा. ज्या तत्त्वज्ञानाच्या आधारानं रिटर तिथे पाहायला गेला, ते आज कोणी मानत नाही. पण कागद काळा पडला, ते खरंच राहिलं. आपल्या जुन्या शालेय पुस्तकांत या किरणांना जंबुपार म्हणत, आता अतिनील म्हणतात.

पुढचा प्रश्न फ्रान्समध्ये निघाला. आल्फ्रेद कॉर्न्यू यांच्या १८७० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं की, सूर्याचा वर्णपट अतिनील बाजूला एकदम कापल्यासारखा संपतो, साधारण ३०० नॅनोमीटरच्या अलीकडे पलीकडे. आणि सूर्य जितका खाली, तितका तो आधीच संपतो. म्हणजे हे सूर्याचं काम नव्हे, वाटेत हवेत कोणीतरी हे किरण खातंय. १८८१ च्या सुमारास हार्टली यांनी प्रयोगशाळेत ओझोन वायूचं शोषण तपासलं आणि सांगितलं, खाणारा हा. १९२० च्या सुमारास फाब्री आणि ब्यूसाँ यांनी मोजमाप केलं. माथ्यावरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला, तर थर होईल जेमतेम ३ मिलिमीटरचा. ज्वारीची भाकरीसुद्धा याहून जाड असते! एवढ्याशा आवरणाखाली जमिनीवरची सगळी जीवसृष्टी उभी आहे.

डॉब्सन यांचा तराजू

ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉब्सन यांनी १९२४ पासून या थराची नित्य मोजणी सुरू केली. पहिली उपकरणं फोटोच्या काचा वापरणारी होती. ती युरोपात ठिकठिकाणी पाठवली, काचा ऑक्सफर्डला परत यायच्या, तिथे धुतल्या जायच्या. १९२८-२९ च्या फेरीत ही उपकरणं जगभर गेली, त्यात एक आपल्या कोडाईकॅनालला आलं होतं. पुढे डॉब्सन यांनी फोटोच्या काचेऐवजी प्रकाशविद्युत घट वापरून नवं उपकरण तयार केलं. त्यालाच डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात. ते आजही चालू आहे.

त्याची युक्ती नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समजा तुम्हाला कळायचं आहे की गाळणीत किती गाळ अडकला. आत किती पाणी ओतलं हे माहीत नसेल, तर बाहेर किती आलं हे मोजून काय उपयोग? डॉब्सन यांनी काय केलं? जवळजवळच्या दोन तरंगलांबी निवडल्या. एक ओझोन पुष्कळ खातो, दुसरी कमी खातो. क्वार्ट्झच्या लोलकांनी त्या वेगळ्या केल्या. मग जास्त तेजस्वी असलेल्या किरणाच्या वाटेत एक काळी पाचर सरकवत न्यायची, दोन्ही सारखे होईपर्यंत. काटा शून्यावर आला की चकतीवरचा आकडा वाचायचा. बस्स.

म्हणजे हे उपकरण 'प्रकाश किती?' असं विचारतच नाही. 'या दोघांत फरक किती?' एवढंच विचारतं. बाजारात दोन प्रकारची वजनं असतात. एक स्प्रिंगचा काटा. स्प्रिंग सैल झाली की तो खोटं बोलतो. दुसरा दोन पारड्यांचा तराजू. त्याची दांडी गंजली, पारडी जुनी झाली, तरी दोन्ही बाजूंना सारखंच होतं, त्यामुळे तुलना बऱ्याच अंशी शाबूत राहते. डॉब्सन यांचं उपकरण तराजूच्या जातीचं. हे लक्षात ठेवा.

आकाशाकडे पाहणं

आता ध्रुवांकडे जाऊ. ध्रुवप्रदेशात अतिनील किरणांनी माणसाला आपली ओळख उपकरणांच्या फार आधी करून दिली होती, ती डोळ्यांतून. बर्फावर पडणाऱ्या अतिनील प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के, कधी त्याहूनही जास्त, परत वर फेकला जातो. डोळ्याचा बाहेरचा पडदा भाजतो. त्याला हिमांधत्व म्हणतात. इन्युइट लोक हाडाचे किंवा लाकडाचे, बारीक फट ठेवलेले चष्मे वापरत आले. १९०२ च्या दक्षिणेकडच्या प्रवासात स्कॉट यांचे सहकारी एडवर्ड विल्सन यांनी बर्फातली चित्रं काढण्याच्या नादात डोळे इतके भाजून घेतले की, डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडी ओढावी लागली. दिसत नाही ते नसतं, असं मानणाऱ्याला हा चांगला धडा आहे.

दुसरी गोष्ट. सूर्य खाली असला की सरळ त्याच्याकडून येणारा अतिनील 'ब' प्रकाश फार थोडा उरतो. हवेतून तिरका, लांबचा प्रवास करताना तो विखुरतो. मग येतो कुठून? सगळ्या आकाशातून. तुम्ही सावलीत उभे असलात तरी तो तुम्हाला गाठतो. त्यामुळे ध्रुवांवर मोजणाऱ्याला फक्त सूर्याकडे पाहून भागत नाही, आकाशाकडे पाहावं लागतं.

यातूनच एक सुंदर शोध लागला. आरोसा या स्विस गावचे पॉल ग्योट्झ १९२९ साली स्पिट्सबर्गेनला गेले. तिथे ते डोक्यावरच्या आकाशाचा प्रकाश मोजत होते. सूर्य जसजसा खाली जाई, तसतसा आखूड तरंगलांबीचा प्रकाश दुसऱ्याच्या तुलनेत कमी होत जाई, हे अपेक्षित होतं. पण सूर्य क्षितिजाच्या अगदी जवळ आला की हे प्रमाण उलट फिरे! ग्योट्झ यांनी त्याला 'उमकेर' म्हटलं, जर्मन भाषेत उलट वळणं. कारण असं की, त्या वेळी आखूड किरण ओझोनच्या थराच्या वरच विखुरतात आणि सरळ खाली येतात, तिरक्या वाटेनं थर ओलांडायचा त्यांना त्रास पडत नाही. या उलट्या वळणाच्या आकारावरून ओझोन कोणत्या उंचीवर किती आहे, हे काढता येऊ लागलं. तोवर समजत होते की ओझोन ४०-५० किलोमीटरवर आहे. १९३० च्या दशकात ग्योट्झ, मीथम आणि डॉब्सन यांनी दाखवून दिलं की दाट थर बराच खाली, २० ते २५ किलोमीटरच्या आसपास आहे. जमिनीवर उभं राहून, फुगा न सोडता, फक्त संध्याकाळचं आकाश वाचून!

हीच पद्धत आपल्याकडे के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी उष्ण कटिबंधाला लावली. त्यांचे निबंध १९४९ चे आहेत. आणि पुण्याच्या वेधशाळेत ज्यांनी उपकरणांचा विभाग उभा केला, त्या ॲना मणी यांनी १९६० च्या दशकात फुग्याबरोबर वर जाणारं भारतीय ओझोनमापक तयार करून घेतलं. ध्रुवावर निघालेला प्रश्न पुण्यापर्यंत आला तो असा.

हॅलीचे आकडे

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष. त्याच्या तयारीसाठी १९५६ मध्ये ब्रिटिशांनी अंटार्क्टिकात, साधारण ७५ अंश दक्षिणेला, हॅली बे हे केंद्र उभारलं. तिथे एक डॉब्सन उपकरण ठेवलं. तरुण मुलं दोन-दोन वर्षांच्या करारावर जात, दिवसातून ठरल्या वेळी चकती फिरवत, आकडा कागदावर लिहीत. उपकरणाला थंडी बाधू नये म्हणून त्याला रजई गुंडाळत, असं सांगतात. हे आकडे कशासाठी हवेत, असं विचारलं असतं तर 'हवामानाच्या अभ्यासासाठी' यापलीकडे उत्तर नव्हतं. ओझोन नाहीसा होईल अशी शंकाही त्या वेळी कोणाला नव्हती. ती शंका मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडली. फ्रीजमधल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या क्लोरोफ्लोरोकार्बन वायूंमधला क्लोरीन वर जाऊन ओझोन फोडील, ही ती शंका. पण त्यांच्या हिशेबात हे सावकाश आणि बऱ्याच उंचीवर घडणार होतं. ध्रुवाचं नाव त्यात नव्हतं.

१९७७ साली जोनाथन शँकलिन हा तरुण केंब्रिजच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये रुजू झाला. साचलेले हस्तलिखित आकडे संगणकात भरायचं काम त्याच्याकडे आलं. कारकुनीच म्हणा ना. लोकांना दाखवायला त्याला एक आलेख हवा होता, की बघा, ओझोन वीस वर्षांपूर्वी होता तसाच आहे. आलेख काढला तर वसंत ऋतूतले आकडे खाली घसरलेले! जो फ्यार्मन हे त्याचे वरिष्ठ. त्यांनी घाई केली नाही. उपकरण जुनं झालं असेल म्हणून नवं पाठवलं. नव्यानंही तेच सांगितलं. दुसऱ्या केंद्रावरचे आकडे पाहिले, तिथेही घट होती. मग फ्यार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध 'नेचर' मध्ये १६ मे १९८५ रोजी आला. ऑक्टोबर महिन्याची सरासरी १९५० च्या दशकाच्या शेवटी ३०० डॉब्सन एककांच्या आसपास होती, म्हणजे ते ३ मिलिमीटर. १९८४ पर्यंत ती २०० च्या खाली गेली होती.

आमची चूक

आता आमची चूक. आम्ही वर्गात सांगत असू ती गोष्ट अशी : अमेरिकेचा उपग्रह १९७८ पासून वर फिरत होता, रोज सगळ्या पृथ्वीचा ओझोन मोजत होता. त्याला छिद्र दिसलं होतं. पण संगणकाला सांगून ठेवलं होतं की १८० च्या खालचे आकडे अशक्य आहेत, फेकून द्या. त्यानं फेकून दिले. म्हणून, मुलांनो, निरीक्षण सिद्धांताच्या चष्म्यातूनच होतं, आणि चष्मा आंधळा असला की आकाशातलं छिद्रही दिसत नाही.

गोष्ट झकास आहे. मुलं माना डोलवत. आम्हीही खूश. पण ती तशी घडलेली नाही.

घडलं ते असं. १८० च्या खालचे आकडे फेकले गेले नव्हते, त्यांच्यापुढे शंकेची खूण केली जात होती. ते जपून ठेवलेले होते. खुणा वाढायला लागल्या तेव्हा त्या गटातल्या लोकांचं लक्ष गेलं. त्यांनी जे करायला हवं तेच केलं, जमिनीवरच्या आकड्यांशी पडताळून पाहिलं. त्या वेळी हाताशी होते दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी केंद्राचे आकडे. ते ३०० च्या आसपास होते, म्हणजे सर्व ठीक! तेव्हा संशय स्वतःच्या उपग्रहावर घेणं साहजिक होतं. नंतर कळलं की चूक त्या जमिनीवरच्या आकड्यांत होती. ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग इथल्या परिषदेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पी. के. भारतिया यांनी उपग्रहाचा नकाशा मांडला. त्यात छिद्र अख्ख्या खंडावर पसरलेलं दिसत होतं.

आणि आणखी एक नाव. जपानचे शिगेरू चुबाची. स्योवा या केंद्रावर १९८२ साली त्यांनी वसंतातला ओझोन फारच कमी असल्याचं पाहिलं, आणि १९८४ मध्ये ग्रीसमधल्या परिषदेत ते सांगितलंही. पण एका वर्षाचा आकडा, एका कोपऱ्यात मांडलेला. कोणी थांबून पाहिलं नाही.

मग हॅलीच्या लोकांकडे असं काय होतं, जे उपग्रहाकडे नव्हतं आणि चुबाचींकडेही नव्हतं? इथे आपल्या जुन्या दर्शनांची मदत होते, म्हणून तिकडे वळू.

अभावाचं ज्ञान

'जमिनीवर घडा नाही' हे आपल्याला कशानं कळतं? आपल्याकडे यावर शतकानुशतकं वाद झाला. नैयायिक म्हणतात, ते प्रत्यक्षानंच कळतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, नाही, त्याला वेगळं प्रमाण लागतं, त्याचं नाव अनुपलब्धी. वाद बाजूला ठेवू. पण दोन्ही पक्षांना एक अट मान्य आहे, ती फार मोलाची आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. ते न दिसणं 'योग्य' असावं लागतं. म्हणजे, घडा तिथे असता तर मला नक्की दिसला असता, उजेड पुरेसा आहे, माझे डोळे धड आहेत, मधे पडदा नाही, असं म्हणता आलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही.

आता हॅलीकडे पाहा. फ्यार्मन यांच्यासमोर प्रश्न हाच होता. ओझोन नाही, की आम्हाला दिसत नाही? उपकरण बदलून पाहणं, शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणं, हे सगळं त्या 'योग्य' शब्दाची पूर्तता होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट, अभाव कशाचा हे सांगायला आधी तो पदार्थ तिथे होता हे ठाऊक लागतं. शास्त्रकार त्याला प्रतियोगी म्हणतात. हॅलीकडे १९५७ पासूनचा प्रतियोगी होता. पहिल्या वीसेक वर्षांत त्या आकड्यांचं कौतुक कोणीही केलेलं नव्हतं. उपग्रह १९७८ चा, घसरण सुरू होत असतानाच वर गेलेला. चुबाचींचा आकडा एका वर्षाचा.

म्हणून आम्ही आता ती गोष्ट वर्गात सांगितली तर अशी सांगू. चष्मा आंधळा नव्हता. 'पूर्वी काय होतं' हे ज्याच्यापाशी लिहिलेलं होतं, त्यालाच 'गेलं' असं खात्रीनं म्हणता आलं.

आणि किरण?

तुम्ही म्हणाल, व्याख्यान अतिनील किरणांवर होतं, तुम्ही ओझोनवरच बोलताय. बरोबर आहे, आणि इथेच खरी बोच आहे. ओझोन हे आवरण. माणसाला, माशाला, शेवाळाला लागतो तो किरण. तो किती वाढला, हे कोण मोजत होतं?

त्या काळापुरतं उत्तर द्यायचं तर ध्रुवावर असं सलग मोजणारं कोणी नव्हतं. कारण किरण मोजणं हे तराजूचं काम नाही, स्प्रिंगच्या काट्याचं आहे. इथे 'किती' असंच विचारावं लागतं. त्यासाठी प्रमाणित दिवा लागतो, आणि तो दिवाही म्हातारा होतो. २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये प्रकाशाची तीव्रता हजारो पटींनी बदलते. तरंगलांबी वाचण्यात नॅनोमीटरच्या दहाव्या भागाची चूक झाली, तरी ३०० च्या आसपास आकडा काही टक्क्यांनी हलतो. उपकरणातच इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश खऱ्या क्षीण प्रकाशाला बुडवतो. त्यात ध्रुवावर सूर्य खाली, त्यामुळे प्रकाश तिरका शिरतो आणि आकाशाचा सगळा घुमट सारख्या न्यायानं टिपणं अवघड. वरून दव गोठून प्रकाश घेणाऱ्या चकतीवर बर्फ धरतो.

याचा परिणाम काय होतो, ते अमेरिकेत दिसलं. तिथे १९७४ पासून साधी अतिनील मापकं बसवलेली होती. १९८८ मध्ये आठ केंद्रांचे १९८५ पर्यंतचे आकडे छापले गेले, तर किरण वाढलेले नव्हते, किंचित कमीच झालेले होते! ओझोनची काळजी खोटी आहे म्हणणाऱ्यांना आनंद झाला. पुढे त्या मापकांच्या अंशांकनाबद्दल आणि शहरी हवेतल्या धुराबद्दल गंभीर प्रश्न निघाले. उजेड अपुरा असलेल्या खोलीत घडा शोधण्यातला प्रकार.

अंटार्क्टिकात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं १९८८ च्या सुमारास अतिनील मोजणीचं जाळं उभारलं. मॅकमर्डो, पामर, दक्षिण ध्रुव आणि अर्जेंटिनाचं उशुआइया. मागाहून अलास्कातलं बॅरो आणि तुलनेसाठी कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो. इथली उपकरणं पूर्ण वर्णपट टिपणारी, आतल्या दिव्यानं स्वतःला वारंवार तपासणारी, चकती गरम ठेवून बर्फ वितळवणारी. पामर ६४ अंश दक्षिणेला, सॅन डिएगो ३२ अंश उत्तरेला, उन्हाळी समुद्रकिनाऱ्यांचं गाव. आणि पामरच्या वसंतातला कमाल अतिनील निर्देशांक सॅन डिएगोच्या वसंतातल्या आकड्यांच्याही वर जाताना दिसला. बर्फाच्या प्रदेशात समुद्रकिनाऱ्यापेक्षा कडक ऊन!

१९९० मध्ये रेमंड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जहाजावरून पाण्यातलं वनस्पतिप्लवक तपासलं. छिद्राखाली त्याची वाढ निदान ६ ते १२ टक्क्यांनी घटते, असं त्यांनी १९९२ मध्ये मांडलं. अंटार्क्टिकातल्या अन्नसाखळीची ती पहिली कडी. क्रिल, मासे, पेंग्विन, देवमासे, सगळे तिच्यावर.

पण पामरला १९८८ च्या आधी किती ऊन होतं? ते मोजलेलं नाही. आज आलेखात 'छिद्रापूर्वी' म्हणून जी रेघ दाखवतात, ती उपग्रहाच्या ओझोनवरून हिशेबानं काढलेली आहे. ते अनुमान आहे, चांगलं अनुमान आहे, पण प्रत्यक्ष नाही. आणि ती वर्षं परत येणार नाहीत. आवरणाची नोंद होती म्हणून आवरण गेल्याचं कळलं. किरणाची नोंद नव्हती, म्हणून किरण किती वाढला हे कायमचं हिशेबावर सोडावं लागलं.

पुढे काय झालं

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. १९८६ मध्ये सुझन सोलोमन यांच्या नेतृत्वाखालचा चमू मॅकमर्डोला गेला. उणे ७८ अंशांखाली तयार होणाऱ्या ध्रुवीय ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो आणि वसंतात सूर्य परतला की ओझोन फोडतो, हे कारण पक्कं होत गेलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. विकसनशील देशांना खर्चासाठी मदत देणारा निधी १९९० च्या लंडनच्या बैठकीत ठरला, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. २०२२ च्या अखेरच्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, करार असाच पाळला तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. आजच्या व्याख्यानाला जी कॉलेजची मुलं आहेत, त्यांना तो दिवस दिसेल. आम्हाला नाही.

आपल्या देशाचं काम गोव्यातून चालतं. वास्को द गामा इथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, तिथून मैत्री आणि भारती या केंद्रांवर मोहिमा जातात. मैत्री १९८९ पासून आहे. हवामान खात्याची माणसं तिथून ओझोनचे फुगे सोडत आली आहेत. त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत.

शेवटी एकच सांगतो. हॅलीचं केंद्र ज्या बर्फाच्या थरावर आहे, त्याला भेगा पडल्या, म्हणून २०१७ पासून हिवाळ्यात तिथे माणूस राहत नाही. काम यंत्रांवर सोपवलं आहे. यंत्रं चांगली आहेत. पण कोणतीही नोंदवही बंद करायची वेळ आली की हिशेबनीस विचारतो, 'या आकड्यांचा उपयोग काय?' १९७० साली हॅलीबद्दल हा प्रश्न कोणी विचारला असता, तर प्रामाणिक उत्तर देता आलं नसतं. उत्तर १९८५ मध्ये मिळालं. आज तुमच्या गावात कोणी नदीची पातळी लिहीत असेल, विहिरीचं पाणी मोजत असेल, पाऊस टिपत असेल, तर त्या माणसाला 'कशाला?' म्हणून हसू नका. तो प्रतियोगी लिहून ठेवतो आहे. उद्या काय हरवलं हे त्याच्याच वहीवरून कळणार आहे.

पुढच्या वेळी आपण पर्जन्यमापकाबद्दल बोलू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.